गुरूला तळमजला नाही

आमच्या घरात गुरू या ग्रहाला फार मान आहे. लग्न ठरले की गुरुबळ होते म्हणून, मोडले की नव्हते म्हणून. तो सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ भरतो, कन्येत गेला की नृसिंहवाडीला कन्यागत. आत्याच्या मते तर तो माझ्या दशमस्थानी ठाण मांडून बसलेला आहे (तरी बढती का अडली, हे विचारायचे नसते). दुसऱ्यांच्या घरांत असा ऐसपैस बसणाऱ्या या ग्रहाकडे स्वतःची पाय टेकण्यापुरतीही जमीन नाही, हे मी तिला सांगितले.

"एवढा थोरला ग्रह आणि खाली काहीच नाही? अरे, मग उल्का पडतात त्या कशावर?"

प्रश्न बिनतोड होता. 1994च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा दुर्बिणींतून काळे डाग दिसले. खड्डा मात्र एकही पडला नाही. खड्डा पडायला आधी रस्ता लागतो.

गुरूचे वस्तुमान 318 पृथ्व्यांएवढे आणि बहुतेक सगळा माल हायड्रोजन आणि हेलियम. मग त्याची त्रिज्या मोजायची कुठून? शास्त्रज्ञांनी यावर सरकारी मोजणीदाराला शोभेल असा तोडगा काढला. जिथे वातावरणाचा दाब आपल्या समुद्रसपाटीवरच्या दाबाएवढा भरतो, तिथे शून्याची रेघ मारली. पुस्तकातले गुरूचे आकारमान या रेघेपर्यंतचे. प्रत्यक्षात तिथे उंबरठा नाही, पाटी नाही. आहे उणे 108 अंशांची थंडी आणि अमोनियाचे ढग. शिवाय सत्तर किलोच्या माणसाचे वजन तिथे पावणेदोनशे किलो भरेल, आणि टेकायला काही नसल्यामुळे ते सगळेच्या सगळे खाली निघेल.

हे कुणी करून पाहिले का? पाहिले. गॅलिलिओ यानाने सहा वर्षे प्रवास करून नेलेले एक उपकरण 7 डिसेंबर 1995 रोजी सेकंदाला 47 किलोमीटर वेगाने गुरूत घुसले. पॅराशूट उघडले आणि ते 58 मिनिटे बातम्या पाठवत खाली जात राहिले. गुरूवर पाणी किती, हा त्याला दिलेल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक. आणि ते पडले नेमके कोरड्या पट्ट्यात. टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांना याचे नवल वाटणार नाही. दाब बाविसेक पट झाला, तापमान दीडशे अंशांवर गेले आणि आवाज बंद पडला. हिशेब असा की पुढे पॅराशूट वितळले, मग अ‍ॅल्युमिनियम, शेवटी टायटॅनियमसुद्धा. एवढ्या खटाटोपात ते उतरले किती, तर दीडशे किलोमीटर. केंद्र सत्तर हजार किलोमीटरवर! जमिनीवर आपटण्याचे भाग्यदेखील त्याला लाभले नाही.

"जमीन नसेल, पण समुद्र तरी असेल की," आत्याने तडजोड सुचवली. तोही नाही. तिथल्या तापमानाला दाब तेरा पटींच्या पुढे गेला की हायड्रोजनमध्ये वायू आणि द्रव हा भेदच उरत नाही. तो नुसता दाट होत जातो. 'छपाक' असा आवाज कुठल्याही पातळीवर येत नाही. माणूस हवेत पडायला सुरुवात करतो आणि कधीतरी द्रवात पडत असतो. मधली तारीख कुणालाच सांगता येत नाही.

आणखी खाली, लक्षावधी पट दाबाखाली, हायड्रोजन धातूसारखा वागू लागतो. विग्नर आणि हंटिंग्टन यांनी 1935 साली कागदावर मांडलेले हे भाकीत. त्यातून वीज वाहते, गुरूचे अवाढव्य चुंबकीय क्षेत्र त्यातूनच उठते. पण धातू म्हणून टाच टेकवायला जाल, तर तोही पातळच.

राहिला गाभा. सगळ्यांची आशा त्याच्यावर होती. लाडवात मधोमध बेदाणा असावा तसा खडकांचा घट्ट गोळा तिथे असेल, असे वाटत होते. 2016 साली पोहोचलेल्या जूनो यानाने गुरूचे गुरुत्वाकर्षण बारकाईने मोजले, तेव्हा बेदाण्याऐवजी आमटीतल्या गुळाचा प्रकार निघाला: जड द्रव्ये आहेत, पण दूरवर विरघळून पसरलेली. गाभा कुठे संपतो, तेही धड सांगता येत नाही.

शनीची बाजू याहून भक्कम नाही. एका राशीत अडीच वर्षे मुक्काम करून तीन राशींत मिळून साडेसाती पुरवणाऱ्या या ग्रहाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे. तो पाण्यात तरंगेल, असे पुस्तके उत्साहाने सांगतात. एवढे पिंप कुणाकडे आहे, हे सांगत नाहीत. ज्याला स्वतःचा काठ नाही, तो तरंगणार तरी कसा? विस्कटून पाण्यात मिसळेल. आत्याला मात्र यातले एकच वाक्य आवडले. "हलका आहे म्हणतोस? मग मारुतीला तेल घालणं बंद करू का?" मी हो म्हणालो नाही. विज्ञानावर माझा विश्वास आहे, पण आत्याशी वाद घालण्याएवढा नाही.

तरीही कुणाला त्या बाजूला मुक्काम करायचाच असेल, तर गुरूचा नाद सोडा आणि त्याच्या गॅनिमीड या चंद्रावर उतरा. तो बुध ग्रहापेक्षा मोठा आहे. जमीन बर्फाची आहे, पण जमीन आहे. आणि सत्तर किलोचा माणूस तिथे दहा किलोंच्या आसपास भरतो.