कॅप्स लॉकला कामाला लावा

मराठी लिहिणाऱ्याच्या कीबोर्डावरची सगळ्यात निकामी कळ कॅप्स लॉक. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत आणि लहानही नाहीत. तरी ही कळ डाव्या करंगळीशेजारी, ऐन मोक्याच्या जागी ठाण मांडून बसली आहे. आणि ज्याच्यावाचून आपलं पान हलत नाही, तो कंट्रोल खाली कोपऱ्यात. दिवसभर करंगळी वाकडी करायची, ती का? कीबोर्ड तसा आला म्हणून.

शॉर्टकट आहेत तसे पाठ करायचे असतात, हा समज कॉम्प्युटरच्या क्लासात एकदा मनात बसतो आणि निवृत्तीपर्यंत टिकतो. तो मोडायला हवा. यातले कित्येक शॉर्टकट कुणाच्या तरी टेबलावर त्या वेळी जो कीबोर्ड होता, त्याच्या सोयीने ठरले. तो कीबोर्ड भंगारात गेला, शॉर्टकट राहिले.

व्हीआय हा एडिटर घ्या. बिल जॉय यांनी तो १९७६च्या सुमारास बर्कलेत लिहायला घेतला, एडीएम-३ए नावाच्या टर्मिनलवर. त्या टर्मिनलच्या एच, जे, के, एल या कळांवरच बाण छापलेले होते. म्हणून व्हीआयमध्ये आणि त्याच्या वंशातल्या विममध्ये कर्सर आजही या चार अक्षरांनी फिरतो. एस्केप तेव्हा क्यूच्या शेजारी, आज टॅब आहे तिथे होती. आणि कंट्रोल एच्या शेजारी, म्हणजे नेमका आजच्या कॅप्स लॉकच्या जागी. आयबीएमच्या १९८१च्या पहिल्या पीसीवरही कंट्रोल तिथेच होता. पुढे १०१ कळांचा कीबोर्ड आला आणि त्याने तिथे कॅप्स लॉक आणून बसवला. तेव्हा कॅप्स लॉकचा कंट्रोल करणारा माणूस विक्षिप्त नाही. तो कळ मूळ जागी नेऊन ठेवतो आहे.

हे करायला फार वेळ लागत नाही. मॅकच्या कीबोर्ड सेटिंग्जमध्ये ही सोय आधीपासून आहे. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचंच पॉवरटॉइज फुकट मिळतं. लिनक्सवर एका पर्यायाचं काम. कंट्रोल नको असेल तर याच कळेवर मराठी-इंग्रजी अदलाबदल ठेवा. दर दोन ओळींनी एखादं इंग्रजी नाव लिहावं लागणाऱ्या पत्रकाराला आणि अनुवादकाला याचं मोल सांगायला नको.

मराठीची खरी अडचण पुढेच आहे. इन्स्क्रिप्ट हा मराठी लेआउट चालू ठेवून विममध्ये खाली जायला जे दाबलं की त्याच्या हाती र पडतो, वर जायला के दाबलं की क. तो बिचकून थांबतो. लँगमॅप या सेटिंगमध्ये र म्हणजे जे, क म्हणजे के असं एकदा लिहून ठेवलं की विम निमूट चालतो. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरने हा प्रश्न फार समंजसपणे सोडवला आहे. त्यात देवनागरीची व्यवस्था एडिटरच्या आतच आहे, कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबून ती चालू-बंद होते, आणि मराठी लिहिताना बाकीचे शॉर्टकट जागचे हलत नाहीत. शिवाय कंट्रोल-सी आणि त्यामागून एक अक्षर, एवढी जागा वापरणाऱ्यासाठी राखलेली आहे. पॅकेज लिहिणाऱ्यांनी तिथे हात घालायचा नाही, असा लेखी संकेत आहे. वापरणाऱ्याचा असा मान प्रत्येक सॉफ्टवेअरने ठेवायला हवा.

विम-ईमॅक्स तुमच्या गावीही नसतील, तरी वर्ड आहेच. त्यात कळा बदलण्याची सोय आहे, फक्त ती ऑप्शन्समधल्या रिबनच्या पानावर अगदी तळाशी टाकली आहे. एखाद्या अक्षरापुरती कळ हवी असेल तर इन्सर्टमधून सिम्बॉलची चौकट उघडा, ॲ निवडा, खाली 'शॉर्टकट की' असं बटण दिसेल. दर वेळी दुसरीकडून ॲ कॉपी करून आणणाऱ्यांनी हे आजच करावं. लिब्रेऑफिसमध्ये टूल्स, मग कस्टमाइझ. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-के आणि लगेच कंट्रोल-एस दाबलं की सगळी यादीच समोर येते.

कॉपी, पेस्ट, अंडू यांना मात्र हात लावू नका. ते बहुतेक सगळीकडे सारखे आहेत. दुसऱ्याच्या मशीनवर बसलात की पंचाईत होईल. रोज लागतं आणि रोज खुपतं तेवढंच बदला. एका वेळी दोन-तीन कळा, त्या हातात बसल्या की पुढच्या. पन्नास शॉर्टकट एका रविवारी ठरवले तर बुधवारी त्यातले चारही आठवत नाहीत.

आणि बदल कुठे साठतात ते माहीत करून घ्या. वर्डचे बदल एरवी नॉर्मल टेम्प्लेटच्या फाइलमध्ये जातात, व्हीएस कोडचे कीबाइंडिंग्जच्या, विमचे विमआरसीमध्ये. मशीन फॉरमॅटला द्यायच्या आधी ही फाइल पेनड्राइव्हवर घ्या. दुकानदार फोटो आणि डॉक्युमेंट्स आठवणीने वाचवतो, ही फाइल तुम्ही सांगितल्याशिवाय तो घेणार नाही.