सहा बाराची फास्ट

माझा धावण्याचा सराव बावीस वर्षं अखंड चालू होता, हे मला तो बंद पडल्यावर कळलं.

त्या बावीस वर्षांत मला कुणी धावपटू म्हटलं नाही. पाठीला सॅक, हातात डबा, पायात कातडी चपला आणि समोर वसई रोड स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या. त्या दोन-दोन करत चढायच्या, वर पोचल्यावर इंडिकेटरवर नजर टाकायची, खाली गाडी लागलेली दिसली की उरलेलं अंतर श्वास न घेता कापायचं. मध्येच वेग वाढवायचा, मध्येच कमी करायचा, या सरावाचे हल्ली प्रशिक्षक पैसे घेतात म्हणे. आम्ही त्याला ‘सात अठ्ठेचाळीस’ म्हणायचो.

ही परंपरा जुनी आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली. दिवसाला जायला एक, यायला एक. चुकली तर थेट उद्या! त्या काळचे विरारकर काय जिवाच्या आकांताने पळाले असतील! इथल्या माणसाच्या पोटऱ्या तेव्हापासून घडत आल्या आहेत, असं माझं ठाम मत आहे. २०११ मध्ये आपल्याकडे महापौर मॅरेथॉन सुरू झाली. मुंबईच्या मेव्हण्याने एकदा विचारलं, “मॅरेथॉन वसई-विरारलाच का?” म्हटलं, “अरे, इथे ती रोजच असते. त्या दिवशी फक्त छातीवर नंबर लावतात.”

मग टाळेबंदीत ऑफिस घरी आलं आणि माझ्या बाबतीत ते परत गेलंच नाही. पलंग ते टेबल सहा पावलं. डबा स्वयंपाकघरातून थेट ताटात. दोन वर्षांत पोट माझ्या पुढे चालू लागलं. डॉक्टरांनी रिपोर्टातल्या साखरेच्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल काढला.

“पूर्वी धावत होतात ना?”

“गाडीसाठी.”

“मग आता बिनगाडीचे धावा.”

बूट घेतले. दुकानातल्या पोराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, “काका, धावताना पाय आत वळतो की बाहेर?” मी म्हटलं, “सकाळी आत, संध्याकाळी बाहेर. डब्यातले लोक वळवतील तसा.” त्याने सगळ्यात महागडा जोड काढला.

सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर वॉचमनचा गणवेश वाळत असतो. तो उचलायचा धीर झाला नाही, म्हणून मी बाहेर पडलो. पहिल्यांदा वसईचा किल्ला गाठायचं ठरवलं. चिमाजी अप्पांनी तो मे १७३९ मध्ये घेतला, त्याआधी दोन वर्षं मोहीम चालली होती. मी पहिल्या दिवशी तटापर्यंत पोचलो आणि वेढा उठवला. दुसऱ्या दिवशी आत शिरलो, तर प्रत्येक पडक्या कमानीखाली एकेक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत उभं. “काका, जरा फ्रेमच्या बाहेर!” त्या आठवड्यात मी मनापासून धावलो तो एवढ्याच कारणासाठी. तरीही किमान तीन लग्नांच्या अल्बममध्ये नवरीच्या खांद्यामागे एक घामेजलेला इसम गुडघे धरून उभा आहे.

मग वाड्यांमधला रस्ता धरला. तो खरोखर सुंदर आहे. दोन्ही बाजूंना केळी, मध्येच एखादं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, त्यावर धुक्याची साय, आणि पहाटेच्या गाडीला फुलं घेऊन निघालेल्या बायका. डोक्यावर टोपली असताना त्या माझ्यापेक्षा वेगाने चालतात, यावर मला बोलायचं नाही. त्यातल्या एका मावशींनी मला थांबवलं. म्हणजे मी थांबलेलोच होतो.

“काय रे बाबा, कोण मागे लागलंय?”

“कोणी नाही.”

“गाडी चुकतेय?”

“नाही मावशी.”

“मग पळतोस कशाला?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळं घोडं तिथेच अडलेलं. रात्री मी स्फूर्तीसाठी वाचायला बसलो. बेळगावच्या फडेप्पा चौगुल्यांबद्दल वाचलं. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते मॅरेथॉन धावले. त्या वर्षीचं अंतर नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त होतं, तरी गड्याने ते २ तास ५० मिनिटांत कापून एकोणिसावा क्रमांक मिळवला. वाचून ऊर भरून आला. भरल्या उराने मी सकाळी साडेआठपर्यंत झोपलो.

अखेर मुलाने तोडगा काढला. कॉलेजला जाताना त्याने स्टेशनवरची घोषणा फोनमध्ये रेकॉर्ड करून आणली आणि माझ्या कानात घातली. सहा वाजून बारा मिनिटांची चर्चगेटला जाणारी जलद लोकल थोड्याच वेळात येत आहे, एवढं त्या बाईंनी म्हणायचा अवकाश, माझे पाय मला न विचारता सुटले. पापडीचा तलाव केव्हा मागे पडला, कळलं नाही. ना गुडघा दुखला, ना दम लागला. समोरून येणाऱ्या दूधवाल्याला मी चक्क “सरका, सरका, उतरायचं नसेल तर आत व्हा” असं म्हणालो.

तीन आठवडे मजेत गेले. मग शरीराला संशय आला. रोज घोषणा होते आणि गाडी काही येत नाही, हे वसईकराच्या पोटऱ्या किती दिवस खपवून घेणार? त्या रस्त्यातच मंदावू लागल्या. तेव्हा मी शेवटचा उपाय केला, घरापासून थेट स्टेशनपर्यंत धावायचं. खरा पूल, खरा इंडिकेटर, खरी सहा बारा.

पहिल्याच दिवशी गाडी लागत असताना प्लॅटफॉर्मवर पोचलो. बावीस वर्षांतली माझी सर्वोत्तम वेळ! मी दारासमोर उभा राहून धापा टाकत होतो, इतक्यात दारातला ग्रुप ओरडला, “काका, या, या, हात द्या!” चार हातांनी मला उचलून आत घेतलं. वसईकराला मदत नाकारता येत नाही, विशेषतः गाडी सुटलेली असताना. कुणीतरी बसायला चौथी सीटही दिली. नायगावला उतरलो तर समोर टीसी.

“तिकीट?”

“मी प्रवासी नाही, धावायला आलो होतो.”

त्यांनी माझे बूट पाहिले, मग चेहरा. “कुठून?”

“वसईहून.”

“गाडीतून?”

२५० रुपये दंड, अधिक भाडं. खिशात फोन होता म्हणून अब्रू वाचली. परत येताना तिकीट काढून बसलो.

काल खिडकीवर जाऊन महिन्याचा पास काढला. वसई रोड ते नायगाव, सेकंड क्लास. बुटांच्या मानाने फुकटच. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “रोज नायगावला कामाला जाता?” म्हटलं, “छे! नायगावला काही काम नाही.” त्यांनी पास सरकवला आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे यायला सांगितलं.