रुमाल टाकलेली जागा

गावाकडून पाहुणा आला की मुंबईकराला आपण मुंबईत राहतो याची आठवण होते. एरवी आमची मुंबई म्हणजे घर ते स्टेशन, स्टेशन ते कचेरी, आणि संध्याकाळी तीच ओळ उलटी वाचायची. समुद्र आहे हे आम्हाला पावसाळ्यात भरतीच्या वेळा पेपरात छापून येतात त्यावरून कळतं. बाकी ज्यांना प्रेक्षणीय स्थळं म्हणतात ती आमच्यासाठी दर्शनी कपाटातल्या कपबश्यांसारखी. पाहुणे आले तरच खाली काढायची, धूळ पुसायची, आणि त्यांच्या निमित्ताने आपणही त्यातून घोटभर चहा पिऊन घ्यायचा.

या डिसेंबरात देवगडहून आत्या आली. पंच्याहत्तरीची आत्या, आणि तिची ही पहिलीच मुंबई. तिचे यजमान, आमचे भाऊकाका, गिरणीत साचेवाले होते. पण काकांची मुंबई म्हणजे परळच्या चाळीतली गावकीची खोली. तिथे पंधरा माणसांच्या वळकट्या आणि एक मोरी. बायकोमाणसाला जागा कुठली? आत्या शेत, सासू आणि गाय सांभाळत गावी राहिली. मुंबई तिच्याकडे महिन्यातून एकदा, मनीऑर्डरीच्या फॉर्मवर मजकुराला जी दोन बोटं जागा असायची तेवढ्यात यायची. ‘रविवारी राणीच्या बागेत गेलो. वाघ पाहिला. प्रकृती ठीक.’ पुढच्या महिन्यात काळा घोडा, त्याच्या पुढच्या महिन्यात भाऊचा धक्का. अशी सगळी मुंबई आत्याने ट्रंकेत जमवली होती, फक्त नावांची. कुंकवाच्या करंड्यात एखादीने परदेशी नाणी जपून ठेवावीत, तशी.

माझ्या मुलाने एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर दहा स्थळांची यादी केली, अनुक्रमांक घालून. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीची बाग बंद, हेही त्याने कंसात लिहिलं. जेमतेम दोन दिवसांत मुंबई उरकायची होती. ‘जिवाची मुंबई करणे’ हा वाक्प्रचार ज्याने काढला, त्याच्या हातात अशी यादी नक्कीच नव्हती.

सुरुवात गेटवेपासून. हिवाळ्यात तिथे कुरव पक्षी येतात आणि लाँचच्या मागून गाठी-शेवेच्या आशेने उडत राहतात. लग्नाच्या वरातीमागे धावणाऱ्या पोरांसारखे. मी मुंबईकराच्या अधिकारवाणीने माहिती सांगू लागलो. पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ साली इथे उतरले, त्या भेटीची आठवण म्हणून ही कमान. आत्याने मान वर करून कमान नीट पाहिली आणि विचारलं, “मगे राजा ह्यातसून इलो?” नाही, म्हटलं, कमान पुरी झाली १९२४ साली. राजा येऊन गेला त्याला तेव्हा तेरा वर्षं झाली होती. तो आला तेव्हा इथे पुठ्ठ्याची कमान होती म्हणतात. आत्या काही बोलली नाही. पण पाहुणा जेवून निघून गेल्यावर तेरा वर्षांनी पान वाढणाऱ्या घराबद्दल कोकणी बाईला जे वाटेल, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेव्हा मी घाईने पुढचं सांगून टाकलं, की १९४८च्या फेब्रुवारीत शेवटचे इंग्रज सैनिक मात्र याच कमानीतून बाहेर पडले. “म्हंजे जावक वापरलानी,” आत्या म्हणाली, आणि तिचं समाधान झालं. कुठलीही वस्तू वाया गेली नाही म्हणजे तिला बरं वाटतं.

लाँचने घारापुरीला जायला तासभर लागतो. त्या तासात मुलाने आत्याला समजावलं की बेटाचं दुसरं नाव एलिफंटा, आणि एलिफंट म्हणजे हत्ती. हे सांगून त्याने केवढं काम वाढवून ठेवलं हे त्याला नंतर कळलं. शंभरावर पायऱ्या आत्या बसत-उठत चढली. त्रिमूर्तीसमोर आल्यावर तिने आपण होऊन चपला काढल्या. दोन मजल्यांएवढे ते तीन चेहरे, मधला डोळे मिटून बसलेला. आत्या त्याच्यासमोर इतका वेळ उभी राहिली, की आमच्या यादीतले अनुक्रमांक पाच आणि सहा तिथेच गळून पडले. मग खाली उतरताना, कणसं विकणाऱ्या बाईजवळ दम खायला टेकली असताना तिने विचारलं, “हत्ती खंय?”

हत्ती इथे नव्हता. पोर्तुगीज इथे उतरले तेव्हा धक्क्याजवळ दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता. त्यावरून त्यांनी बेटाला नाव दिलं. पुढे १८६४ साली इंग्रजांना तो विलायतेला न्यावासा वाटला. उचलताना साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. हत्तीनेही एवढ्या लांब जायला नकार दिला असावा. तुकडे मुंबईत आणले गेले, १९१४मध्ये जोडले गेले, आणि तेव्हापासून तो राणीच्या बागेत उभा आहे. हे सगळं ऐकून आत्याने एवढंच विचारलं, “मगे नाव कित्याक ठेवलानी?”

दुसऱ्या दिवशी म्हणून राणीची बाग. मुलाचा जीव पेंग्विनांत होता. आत्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला उभ्या असलेल्या त्या दगडी हत्तीपाशी थांबली. सांधलेला, झिजलेला, पोरं ज्याच्याकडे न बघता पिंजऱ्यांकडे पळतात असा हत्ती. ती त्याच्याकडे माहेरचं माणूस अचानक बाजारात भेटावं तशी पाहत होती. आणि त्याच बागेत, झाडांच्या गर्दीत, काळा घोडाही निघाला! सातवा एडवर्ड युवराज असतानाचा, घोड्यावर बसलेला पुतळा. १९६५ साली तो काळ्या घोड्यावरून, म्हणजे त्या नावाच्या चौकातून, हलवून इथे आणला. त्यानंतर बावन्न वर्षं काळ्या घोड्याला घोडाच नव्हता. तरी लोक तिथे उतरत होते, तिथे भेटत होते, ‘काळ्या घोड्यापाशी थांब’ म्हणून एकमेकांवर रुसत होते. २०१७ साली तिथे नवा घोडा आला, तो बिनस्वाराचा. म्हणजे आता मुंबईत एक घोडा स्वारासकट बागेत आहे आणि दुसरा स्वाराशिवाय चौकात.

त्या दिवशी हत्तीजवळच्या बाकावर बसून मी प्रथमच आपल्या शहराच्या नावांचा हिशेब मांडला. चर्चगेटला गेट नाही; किल्ल्याच्या भिंतीबरोबर ते १८६०च्या दशकातच पडलं, आणि ज्या चर्चवरून नाव पडलं ते स्टेशनपासून चांगलं लांब आहे. हँगिंग गार्डन कशालाच लटकलेली नाही, ती पाण्याच्या टाकीवर स्वस्थ पसरली आहे. समोर म्हातारीचा बूट आहे, म्हातारी कुठे गेली कुणाला ठाऊक नाही. मरीन ड्राइव्हवर रात्री राणीचा हार झगमगतो. राणी केव्हाच गेली, गळ्यातलं तेवढं समुद्राकाठी विसरली. नावाला जागली ती एकटी राणीची बाग. पाटीवरून व्हिक्टोरिया उतरली तशा जिजाबाई आल्या, आणि राणी शब्दावरची धूळसुद्धा हलली नाही.

बाहेरचा माणूस याला फसवणूक म्हणेल. पण ज्याने एसटीने प्रवास केला आहे त्याला यातली रीत लगेच ओळखू येईल. गाडी फलाटाला लागण्याआधीच माणूस धावत खिडकीतून रुमाल टाकतो. मग तो खुशाल मागून चढतो, चहा पिऊन येतो, कधी कधी येतही नाही. पण त्या रुमालावर कुणी बसत नाही. मुंबईतली नावं म्हणजे असे रुमाल आहेत. हत्ती उठून गेला, घोडा उठून गेला, गेट उठून गेलं. जाताना प्रत्येकाने आपल्या जागेवर नाव टाकून ठेवलं. आणि हे शहर, जिथे लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी हाणामारी होते, ते शहर त्या रुमालांवर अजून बसलेलं नाही.

यादीतली सहा स्थळं शिल्लक होती, पण आत्याने यादीबाहेरचं अकरावं सांगितलं. तिला काकांची गिरणी पाहायची होती. मी टाळायचा प्रयत्न केला. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भाऊकाका आधी ‘महिन्याभरात मिटेल’ म्हणत थांबले, मग वळकटी बांधून गावी आले ते कायमचे. गिरणीच्या जागी आता काचेचा मनोरा आहे. आत्या बसमधून उतरली, कारण कंडक्टरने गिरणीचंच नाव पुकारलं होतं. स्टॉपचं नाव अजून तेच आहे. कोपऱ्यात एक धुराडं राखून ठेवलेलं होतं, त्याच्या पायथ्याशी फुलझाडं लावली होती. आत्याने पदर डोक्यावरून घेतला, सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर घेतात तसा, आणि फाटकावरच्या वॉचमनला विचारलं, “भोंगो किती वाजता जाता?” बिहारी वॉचमनला मालवणी कळली नाही. त्याने अदबीने तिला बसायला आपली खुर्ची दिली. आत्या त्या खुर्चीवर पाच मिनिटं बसली, आणि मुंबई पाहून झाली.

परतीची गाडी परळ डेपोतून. मी चपळाई करून खिडकीतून रुमाल टाकला आणि आत्याची जागा धरली. तिला बसवताना सहज विचारलं, घर नावावर करून घेतलंस का? काकांना जाऊन नऊ वर्षं झाली. घरपट्टी अजून त्यांच्याच नावाने येते, ती म्हणाली. नाव बदलायला जायचं राहूनच गेलंय. असं म्हणत ती खिडकीशी सरकली. शेजारच्या सीटवर माझा रुमाल तसाच होता. तिने तो उचलला नाही, मीही मागितला नाही.

मे महिन्यात आंब्याची पेटी आली. तिच्यात गवतावर, धुऊन चौघडी केलेला तो रुमाल होता. आंबे आठ दिवसांत संपले. रुमालाला वास अजून आहे.