वाजवीपणाचा दाखला

ब्रिटनमधील बँका, विमा कंपन्या आणि दलाल यांच्यावर देखरेख करणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटी या लंडनच्या दप्तराने ३१ जुलै २०२३ पासून 'कन्झ्युमर ड्यूटी' नामक जे फर्मान अमलात आणले, त्याचा हेतू इतका निर्मळ आहे की त्याविषयी शंका घेणाऱ्याला स्वतःच्याच चारित्र्याची शंका यावी. ग्राहकाचे भले व्हावे, एवढीच त्यातील आकांक्षा. आणि ती अकारण नव्हे. कर्जाचे हप्ते थकल्यास भरपाई देऊ म्हणणारा विमा, ज्यांना ती भरपाई नियमानुसार मिळणेच शक्य नव्हते अशा स्वयंरोजगारी मंडळींच्याही गळ्यात मारण्यापर्यंत तेथील बँकांची मजल गेली होती, आणि अशा विक्रीपायी त्यांना ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली.

परंतु भले आपोआप होत नसल्याने ते कागदावर सिद्ध करणे प्राप्त झाले. योजना घडविणारा तो उत्पादक आणि ती विकणारा तो वितरक असे दोन पक्ष कल्पून, उत्पादकाने आपला माल कोणासाठी आहे, कोणासाठी नाही आणि त्याची किंमत वाजवी कशी याची कैफियत वितरकाकडे धाडावी, आणि वितरकाने तो माल प्रत्यक्षात कोणाच्या पदरी पडला याचा तपशील उलट रुजू करावा, असा दंडक झाला. उत्पादकांच्या पहिल्या कैफियतींस एप्रिल २०२३ अखेरची मुदत होती. तेव्हापासून उभयतांत जी चौकशी चालू आहे, तेवढी सोयरीक जुळवणाऱ्या घराण्यांतही होत नसावी. 'आमचा माल ज्यांस योग्य आहे, अशा सर्वांस तो योग्य आहे,' असे उत्पादक गंभीरपणे लिहितो. 'आम्ही तो त्यांनाच विकतो,' असे वितरक तितक्याच गंभीरपणे कळवतो. आणि दोघांच्या बारनिशीत आवक-जावक क्रमांक पडून कर्तव्याची परिपूर्ती होते. ज्या गृहस्थासाठी हा खटाटोप, त्या बापड्याने फक्त सही करायची असते.

विम्याच्या मालाला वाजवी किमतीचा नियम तर त्याआधीच, ऑक्टोबर २०२१ पासून, लागू होता. तरीही 'गॅप' विम्याची कथा ऐकण्यासारखी आहे. नवी मोटार चोरीस गेली किंवा अपघातात निकामी झाली, तर नेहमीचा विमा तिची त्या दिवसाची उतरलेली किंमत देतो. ही किंमत आणि मूळ खरेदी यांतील तफावत भरून देणारा हा जोडविमा शोरूममध्ये, गिऱ्हाईक किल्लीकडे डोळे लावून कागदांवर सह्या करीत असते त्या शुभमुहूर्तावर, पुढे केला जातो. नियामकाने हिशेब मांडला तेव्हा आढळले की, हप्त्यापोटी जमलेल्या प्रत्येक १०० पौंडांतले अवघे ६ पौंड दाव्यांच्या रूपाने ग्राहकांकडे परत जात होते, आणि काही कंपन्या विकणाऱ्यांना दलाली म्हणून ७० पौंडांपर्यंत देत होत्या. किमतीचे मूल्यमापन बंधनकारक असताना हे ७० पौंड कोणत्या रकान्यात वाजवी ठरले असतील, हे जाणण्याची उत्कंठा आम्हांस अद्याप आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नियामकाच्या सांगण्यावरून बहुतेक कंपन्यांनी विक्री थांबवली. मे महिन्यात काहींना ती पुन्हा सुरू करू देण्यात आली, ती मुख्यतः दलाली उतरवल्यावर. सबब, वाचकांपैकी ज्यांचे चिरंजीव अथवा कन्या तिकडे मोटार घेण्याच्या बेतात असतील, त्यांनी मुलांना एवढेच कळवावे की शोरूममध्ये वाजवीपणाचा दाखला मागू नये. दलाली किती, ते विचारावे.