मका, कॉम्प्युटर आणि तुमची नात



बाबा, आई, दिवाळीत शिकागोहून फोन का आला नाही, त्याचा हा खुलासा. यंदा १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आणि तुमच्या नातीच्या कॉलेजच्या अर्जाची शेवटची तारीख एकाच दिवशी आली. मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत. लॅपटॉप लक्ष्मीपुढेच उघडा होता, त्यामुळे पूजा नक्की कुणाची चालली होती ते देवीलाच ठाऊक. पत्र सूनबाई लिहीत आहेत. तुमच्या मुलाला यातली निम्मी हकीकत मान्य नाही.

त्याच्या वेळी सगळं सोपं होतं. बारावीचे मार्क आले, यादी लागली, कॉम्प्युटर थोडक्यात हुकलं आणि मेकॅनिकल मिळालं. चार वर्षं त्याने लेथ मशिनशी झटापट केली आणि नोकरी धरली सॉफ्टवेअरमध्ये. तेव्हापासून पाना हातात घेतो तो फक्त नळ गळायला लागला की, आणि शेवटी प्लंबर बोलवावाच लागतो.

इकडे नुसत्या मार्कांवर भागत नाही. ‘कॉमन ॲप’ नावाचा एक सामायिक अर्ज असतो. १९७५ मध्ये १५ कॉलेजांनी मिळून तो सुरू केला, आज त्यात हजाराच्या वर कॉलेजं आहेत. एका मुलाला त्यातून २० ठिकाणी अर्ज करता येतो, म्हणून तुमच्या मुलाने बरोबर २० चा तक्ता केला. शाळेतल्या समुपदेशक बाईंनी कॉलेजांचे तीन गट पाडायला सांगितले. सूनबाईंनी त्यांचं बारसं केलं: नवसाची, बेताची आणि हक्काची. तक्त्यात सतरा नवसाची निघाली. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि यादी आठावर आणली.

मग निबंध, जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. शिवाय दहा उपक्रम लिहायचे, प्रत्येकाचं वर्णन १५० अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत नात तीन वर्षं ढोल वाजवते आहे. तो ढोल १५० अक्षरांत बसवायला पूर्ण रविवार गेला.

खरी रणधुमाळी मात्र विषयावरून झाली. इथल्या बऱ्याच कॉलेजांत आधी प्रवेश घेतात आणि मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरवतात. एमआयटीत तर पहिल्या वर्षाला कुणालाच विभाग नसतो. हे ऐकून नात खूश झाली, तुमचा मुलगा कासावीस. ‘विषय न ठरवता फी भरायची?’ असं तो दोन दिवस भिंतीला विचारत होता. पण आमच्या राज्याच्या इलिनॉय विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्सचं तसं नाही. त्या दारातून आत जायचं तर अर्जातच लिहावं लागतं, मागाहून शिरणं महाकठीण. राज्यातल्या मुलांना तिथे फी बरीच कमी, त्यामुळे हे हक्काचं नसलं तरी परवडणारं.

तिथे कॉम्प्युटरला दुसऱ्या विषयाची जोड देऊन पदवी घेता येते. भाषाशास्त्र, संगीत, मानववंशशास्त्र, काय हवं ते. नातीने यादीवरून बोट फिरवलं आणि एका ओळीवर थांबवलं: कॉम्प्युटर सायन्स आणि पीकशास्त्र.

‘शेतातून बाहेर पडायला मला बावीस वर्षं लागली,’ तुमचा मुलगा म्हणाला, ‘आणि ही फी भरून परत जाणार!’

म्हणून सप्टेंबरात विद्यापीठ बघून आलो. शिकागोपासून दोन-सव्वादोनशे किलोमीटर, शहर मागे पडलं की दुतर्फा मका आणि सोयाबीन. तुमच्या मुलाला ओढ होती मोझेक ब्राउझरची. घराघरात इंटरनेट नेणारा हा ब्राउझर १९९३ मध्ये तिथल्याच सुपरकॉम्प्युटर केंद्रातून बाहेर पडला. तुमचा मुलगा त्या केंद्राच्या इमारतीला जवळपास हात जोडून आला. नात मात्र मोरो प्लॉट्सपाशी खिळली. कॅम्पसच्या मधोमध मक्याचा हा तुकडा १८७६ पासून प्रयोगासाठी राखलेला आहे. शेजारी ग्रंथालय बांधायची वेळ आली तेव्हा मक्यावर सावली पडू नये म्हणून ते चक्क जमिनीखाली बांधलं, १९६९ मध्ये. बाबा, बांधावरून भावकीत तीस वर्षं कोर्टकज्जे बघितलेल्या माणसाला हे पटेल.

नोकरीचं काय, हा प्रश्न परतीच्या वाटेवर निघालाच. तुमच्या बांधावरच्या हिरव्या ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअर कंपनीचं मुख्यालय याच राज्यात मोलीनला आहे आणि विद्यापीठाच्या रिसर्च पार्कमध्येही तिचं केंद्र आहे, असं नातीने मागच्या सीटवरून सांगितलं. पुढच्या सीटवर बराच वेळ शांतता होती.

इलिनॉयच्या अर्जात विषयाशी संबंधित एक अनुभव १५० शब्दांत लिहायचा होता. तुमच्या मुलाने ‘नेतृत्वगुण’ हा शब्द चार वेळा घालून एक मसुदा केला. नातीने तो बाजूला ठेवून गेल्या वर्षीचा जून लिहिला: पहिला पाऊस, कडुनिंबावर आलेले हुमणीचे भुंगेरे, झाड हलवणारी ती आणि रॉकेलच्या पाण्याची बादली धरून उभे असलेले आजोबा. वाचून झाल्यावर तुमच्या मुलाने एकही दुरुस्ती सुचवली नाही. गेल्या सतरा वर्षांत असं प्रथमच घडलं.

निकाल जानेवारीच्या अखेरीस. आई, तोपर्यंत हळदीकुंकवात कुणाला काही सांगायचं नाही. दुसरी पसंती म्हणून नातीने नुसतं पीकशास्त्र लिहिलं आहे, ते तुमच्या मुलाच्या अजून लक्षात आलेलं नाही.

आणि बाबा, नातीचा निरोप: ८६०३२ उसाच्या पानांवर तांबेरा दिसला की फोटो पाठवा. तिला कॉम्प्युटरला रोग ओळखायला शिकवायचं आहे. फोटो सकाळच्या उजेडात काढा आणि अंगठा मध्ये येऊ देऊ नका. मागच्या बारा फोटोंपैकी नऊ अंगठ्याचे आहेत.