पाला न्या हो, पाला!

पुण्यात वृक्षप्रेमी नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. मात्र त्याच झाडाची पानं आपल्या पार्किंगमध्ये पडलेली चालतात, असा वृक्षप्रेमी अजून जन्माला यायचा आहे. बागेचा कचरा उचलण्याचा धंदा चालतो तो या प्रेमावरच. भांडवल म्हणून एक ‘छोटा हत्ती’, दोन कोयते, पोत्यांची चळत आणि गेंड्याची कातडी एवढं पुरतं.

कातडी कामाला येते ती भाव ठरवताना. ‘‘पाल्याचे कसले पैसे? सोनं नेताय सोनं, खरं तर तुम्हीच द्यायला हवेत,’’ असं सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात. मग ठेवा की घरात, असं आपण म्हणायचं नसतं. पाला वजनाला काहीच नाही, जागा मात्र सगळी खातो. नारळाच्या चार झावळ्या आडव्या टाकल्या की हौदा भरला. मग एक गडी वर चढून थयाथया नाचतो, तेव्हा कुठे आणखी दोन पोती बसतात. आणि डिझेल जळतं ते फेऱ्यांवर, वजनावर नाही, हे गणित सेक्रेटरींच्या गळी उतरत नाही. ते निवृत्त बँक अधिकारी असले तर मुळीच नाही.

‘बागेचा कचरा’ या नावाखाली काय काय खपतं! पोत्याचं तोंड सोडावं, तर वर चार बोटं गुलमोहराचा पाला, खाली फुटका कमोड आणि तळाला गेल्या वर्षीच्या मखराचं थर्माकोल.

उघड्यावर कचरा जाळू नका, हा नियम 2016 सालीच झाला. त्याच वर्षी हरित लवादानं साध्या जाळण्याला 5,000 आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला 25,000 रुपये दंडही ठरवून दिला. तेव्हापासून वॉचमनला भर मे महिन्यातही पहाटे थंडी वाजू लागली आहे. शेकोटी तेवढी गुन्ह्यात बसत नाही, असा समज.

झाड तोडायचं तर 1975 च्या कायद्यानं वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती आहे का, असं विचारलं की चेअरमन दुखावतात. ‘‘तोडायचं कोण म्हणतंय? बुंध्यापासून जरा हलकं करायचंय.’’

एवढं सगळं सोसून पाला नेला, कुजवला, चाळला, की महिन्या-दोन महिन्यांनी सेक्रेटरींचा फोन येतोच. ‘‘खत झालं असेल ना? दोन पोती पाठवून द्या. पैसे कसले मागताय, पाला आमचाच होता!’’