मामांचा चेक

तीनपत्तीत मामांची पंचाईत व्हायची. पाळी आली की चाल द्या, नाहीतर पॅक करा. तिसरी वाटच नाही. ब्लाइंड खेळायचं म्हटलं तरी पैसे टाकावेच लागतात. म्हणून दिवाळीत सगळे गोल करून बसले की मामा मेंढीकोटाचा आग्रह धरत, आणि तो कुणी मानला नाही की चहा कुणाकुणाला हवाय याची चौकशी करत फिरत.

मग वालचंद कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या भाचीनं सांगलीच्या घरात पोकरमधला लिमिट होल्डेम आणला. प्रत्येकाला दोन झाकली पानं आणि मध्ये सगळ्यांची मिळून पाच: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. पैज ठरलेली, पहिल्या दोन फेऱ्यांत दोन चिंचोके, पुढच्या दोन फेऱ्यांत चार. आणि त्या फेरीत आधी कुणी पैज लावली नसेल, तर काहीही न टाकता नुसतं ‘चेक’ म्हणून डावात बसून राहता येतं. हे शेवटचं कलम मामांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. साठी उलटल्यावर त्यांना आपला खेळ सापडला होता.

मामा साताऱ्याचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खात्यात असताना फाईल समोर आली की समासात ‘चर्चा करावी’ असं वळणदार अक्षरात लिहायचं आणि ती पुढे सरकवायची, हा त्यांचा शिरस्ता. शाहूपुरीतला एक प्लॉट त्यांनी इतकी वर्षं ‘बघून ठेवला’ की त्यावर दुसऱ्याचा बंगला झाला, त्या बंगल्याला रंगही दोनदा लागला. मोती चौकात कंदी पेढ्याचा भाव विचारून ते पुढच्या दुकानात जातात, आणि तिथून परत पहिल्या दुकानात. माणूस भित्रा म्हणावा तर तसंही नाही. अजिंक्यताऱ्यावर पहाटे अंधारात एकटे चढतात. घाबरतात ते एवढ्यालाच, की उद्या कुणी विचारेल, “हे तुम्हीच ठरवलंत ना?”

आमचे दाजी अगदी उलट. त्यांचा मार्केट यार्डात हळदीचा धंदा. हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद भरून ठेवायची आणि भाव चढेपर्यंत स्वस्थ बसायचं, हा सांगलीकरांचा जुना चेकच म्हणायचा. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं आणि पुष्कळ पेवं निकामी झाली. थांबण्याचीही किंमत पडते हे दाजी तेव्हा जे शिकले, ते कायमचं. हातात काही असो वा नसो, ते चिंचोके आधी टाकतात आणि पानं मग बघतात.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री मामांच्या हाती दोन राजे आले. मधल्या तीन पानांत तिसरा राजा, आणि तिन्हींत मिळून दोन पानं बदामाची. मामा म्हणाले, “चेक.” दाजींनीही, आश्चर्य म्हणजे, चेक केलं. चौथं पान बदामाचं आलं आणि दाजींचे पाच बदाम जुळले.

“मामाआजोबा, बाबांना न दिसणाऱ्या ४७ पानांत ९ बदाम होते,” भाची म्हणाली. “बाबांनी दोन चिंचोके देऊन ते पान बघितलंच असतं. पण तुम्ही ते फुकट दाखवलंत.”

“दिवाळी आहे,” मामा म्हणाले.

खरी गंमत पुढच्या डावात झाली. मामांकडे नव्वांची किरकोळ जोडी, मध्ये त्याहून मोठी पानं, शेवटचंही पान पडलेलं. दाजींनी चेक केलं. आयुष्यभर ज्यासाठी तयारी केली तो क्षण समोर आला होता, आणि मामांनी चार चिंचोके लावले! कारण खात्यातली सवय: वर्षभर थांबायचं आणि ३१ मार्चला खर्च टाकायचा. दाजींकडे राण्यांची जोडी होती. ते हसत चार चिंचोके टाकून मोकळे झाले.

भाचीनं कपाळावर हात मारला. इथं चेकच बरोबर होतं. पैज लावली की मामांहून हलकी पानं असलेला माणूस डाव टाकून देणार, आणि टिकणार तो वरचढ असलेलाच. शेवटच्या पानावर, मागून बोलताना, समोरच्यानं पैज स्वीकारली तर अर्ध्याहून जास्त वेळा आपण जिंकणार असू, तरच लावायची. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘सेफियस’ नावाच्या प्रोग्रॅमनं २०१५ मध्ये दोघांचा लिमिट होल्डेम जवळजवळ पूर्ण सोडवला, हेही तिनं सांगितलं.

“तो चेक करतो का?” मामांनी विचारलं.

“करतो, पण—”

“झालं तर.”

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तो दाखला मामांनी लगेच जोडला: आपण कधी रुपया लावलाच नाही, सरकारला आत्ता कळलं. मग जरा विचार करून म्हणाले, “आणि अर्ध्याहून जास्त खात्री झाल्यावरच पैज लावायची म्हटलं, तर जगात कुणाचं लग्न झालं असतं?”

स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. “तुम्ही कुठं केलंत लग्न? बघायला आलात, ‘कळवतो’ म्हणून साताऱ्याला गेलात, ते गेलातच. आमच्या अण्णांनी पत्रिका छापून पाठवल्या, तेव्हा तारीख कळली तुम्हाला!”

“पण मी नाही कुठं म्हटलं होतं?” मामा म्हणाले आणि पानं पिसायला लागले.